गुरुवारी भरणारं वाचनालय

मंगळवारी सकाळी हे गेले. डोंबिवलीचं घर विकून आम्ही इथे राहायला आलो, त्याला सात आठवडे झाले होते.

इथे म्हणजे मुरबाडच्याही पुढे, कल्याणहून एसटीने दोन तासांवर. घर स्टँडसमोरच. पुढच्या खोलीत वाचनालय काढायचं ही यांची कल्पना. पुस्तकं अजून खोक्यांतच होती. मुलगी ठाण्यात कोलशेतला एकविसाव्या मजल्यावर राहते. दिवसकार्य झाल्यावर तिने माझ्यासाठी एक खोली रिकामी केली. मी दिवाळीपर्यंतची मुदत मागितली. वाचनालय चाललं तर इथे, नाही तर तिच्याकडे, असं ठरलं. इथे मला कोणी धड ओळखत नव्हतं, तरी यांनी निवडलेलं घर माझ्याने सोडवेना.

शाळेत तीस वर्षं मी ग्रंथपाल होते. येत होतं ते केलं. पुस्तकांना क्रमांक घातले, सभासदत्वाचे अर्ज छापून आणले, सोबत आधार कार्डाची झेरॉक्स जोडायला सांगितली, ‘शांतता राखा’ अशी पाटी लावली. वेळ संध्याकाळी पाच ते सात. महिनाभर रोज पाचला दार उघडलं आणि सातला लावलं. कोणी आलं नाही. मुलगी फोनवर वाचनालयाचं काही विचारायची नाही, ते जास्त लागायचं.

इथला बाजार गुरुवारचा. आसपासच्या पाड्यांवरून माणसं सकाळच्या गाडीने येतात आणि दुपारी परततात. अशाच एका गुरुवारी मी पुस्तकं पुसत असताना एक म्हातारी दारात येऊन उभी राहिली. डोक्यावरच्या टोपलीत नुकतीच घेतलेली कोंबडी. बाकीचा बाजार उरकेपर्यंत ती इथे ठेवू का, असं विचारत होती. मी म्हटलं, मावशी, हे वाचनालय आहे, इथे शांतता लागते.

“मंग ऱ्हाऊ दे की. ती काय बोलाची नाय.”

मी टोपली कपाटाखाली सरकवली. वाचनालयाची वेळ सांगितली तर ती हसायलाच लागली. पाचला इथे कोण असतं, पाड्यांकडची शेवटची गाडी चारची, म्हणाली.

बाजार करून आली तेव्हा गाडीला अवकाश होता, म्हणून टेकली. समोर यांचं रानभाज्यांवरचं पुस्तक पडलं होतं. वाचता येत नव्हतं, पण चित्रं ओळखत ओळखत ती शेवळांच्या पानावर थांबली. भाजी कशी करायची लिहिलंय ते मला वाचायला लावलं.

“काकडं घालाया नाय सांगितलं? घसा खाजंल लोकांचा. लिव तिथं.”

पुस्तकात साधी रेघ मारली म्हणून मी कितीतरी मुलांना ग्रंथालयाबाहेर उभं केलं होतं. तरी पेन्सिल घेतली आणि समासात लिहिलं, शेवळांत काकडाची आंबट फळं घालावीत. ते तिने माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

पुढच्या गुरुवारी ती आणखी चौघींना घेऊन आली, आपलं लिहिलेलं दाखवायला. काकडं नसली तर चिंच चालते असं एकीचं म्हणणं पडलं आणि दोघींची जुंपली. मी दोन्ही लिहिलं. त्या आठवड्यात पाटी काढली, अर्ज बांधून ठेवले, आणि गुरुवारी सकाळपासून चारपर्यंत दार उघडं ठेवायला लागले. कपाटाचे खालचे कप्पे लोकांच्या बोचक्यांसाठी रिकामे केले. ज्यांना वाचता येतं ते गाडी येईपर्यंत वाचतात, कधी शेजारच्याला ऐकू जाईल असं. घरी न्यायला नाव आणि पाडा सांगितला की पुरे. पुस्तकं परत येतात. काहींना सुक्या बोंबलाचा वास असतो.

दिवाळीआधीच्या गुरुवारी मुलगी मला न्यायला आली, रिकाम्या बॅगा घेऊनच. बसायला जागा नव्हती म्हणून उंबऱ्यावर टेकली. कोणीतरी तिच्या मांडीवर टोमॅटोची पिशवी ठेवून, बघ गं जरा, म्हणून निघूनही गेलं. पिशवीवाली परत येईस्तोवर मुलीने तीन जणांना पुस्तकं शोधून दिली होती.

चारची गाडी सुटल्यावर खोली रिकामी झाली. तिने बॅगा उघडल्याच नाहीत.

“आई, तुझ्यासाठी रिकामी केली होती ना, त्या खोलीत मी माझं ऑफिसचं टेबल टाकते.”

मी चहा टाकला. तीन महिन्यांत पहिल्यांदा मला मोठ्याने हसू आलं.

हे नाहीत. वाचनालय दर गुरुवारी भरतं, आणि मी इथे राहते.