भुऱ्याचं लोढणं

आमच्या गावात कुत्र्यांविषयी शेवटचा शब्द छायाकाकूंचा असे. गाव कर्जत आणि खालापूर यांच्या मधल्या पट्ट्यात, डोंगराच्या पायथ्याशी आहे. खाली भातखाचरं, वर ठाकरवाडी आणि अलीकडे त्या दोहोंच्या मध्ये मुंबईकरांचे बंगले. या सगळ्यांची कुत्री काकूंच्या ओळखीची होती आणि सगळ्या मालकांविषयी त्यांचं मत ठाम होतं. बंगल्यातल्या कुत्र्यांना पावसाळ्यात रेनकोट घालतात, यावर त्या म्हणत, "पाऊस लागू देत नाय, म्हंजे माती पण लागत नाय. त्याला कुत्रं कशाला म्हणायचं?" रसायनीच्या कारखान्यावरचा एक पहारेकरी कुत्र्याला नुसती बिस्किटं चारतो, म्हणून ते चोरापुढेही शेपूट हलवतं. आणि ठाकरवाडीतली माणसं कुत्री पाळतच नाहीत, कुत्री तिथं नुसती राहतात, बरगड्या बघाव्यात.

स्वतः काकूंचा कुत्रा भुरा. काकूंचे यजमान माथेरानच्या एका हॉटेलात कामाला होते आणि सवड मिळेल तेव्हाच खाली उतरत. घर वस्तीच्या टोकाला, पुढे नुसतं शेत. एरवी घरात माणूस म्हणून काकू आणि पडवीत राखणीला भुरा. तो भात खाई, ताक पिई आणि अनोळखी पाऊल वाजलं की घर डोक्यावर घेई. त्याच्यात काढण्यासारखी एकच खोट होती. भातकापणी संपली आणि कोंबड्या मोकळ्या खाचरात दाणे टिपायला उतरल्या, तेव्हा त्याने शेजारच्या सहदेवची एक कोंबडी धरली.

अशा वेळी काय करायचं, हे गावात ठरलेलं आहे. पहिल्या खेपेला कोंबडीला कोंबडी द्यायची आणि कुत्र्याच्या गळ्यात लोढणं बांधायचं. लोढणं म्हणजे हातभर लाकूड. ते पुढच्या पायांच्या मध्ये लोंबतं. कुत्र्याला चालता येतं, धावता येत नाही. लोढणं गळ्यात आहे तोवर त्या कुत्र्याला कुणी दगड मारत नाही. दुसऱ्या खेपेला मात्र कुत्रं पोत्यात घालून टेंपोने खोपोलीचा घाट चढवतात आणि पलीकडे सोडून देतात. घाटापलीकडून कुत्रं परत आल्याचं कुणाला आठवत नाही.

काकूंनी लाकूड काचेने घासून गुळगुळीत केलं, त्याला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली आणि ते भुऱ्याच्या गळ्यात बांधलं. तो चालला की पडवीच्या फरशीवर टकटक वाजे. तो आवाज येत असला की काकू वालाच्या शेतात निर्धास्त वाकून काम करत.

एका शनिवारी दुपारी त्या शेतातून आल्या, तेव्हा पडवीत आवाज नव्हता. भुराही नव्हता. कापलेली दोरी तेवढी पायरीवर पडली होती.

सहदेव दिवेलागणीला खुराडं बंद करताना कोंबड्या मोजत असे. तोवर भुरा सापडायला हवा होता, आणि गळ्यातल्या लोढण्यासकट दिसायला हवा होता.

गावातलं कुणी लोढण्याला हात लावत नाही, म्हणून त्या थेट जवळच्या बंगल्यावर गेल्या. तिथली प्राची दर शनिवारी मुंबईहून येई, तिचा केसाळ कुत्रा झोपाळ्यावर झोपे. काकूंना बघताच तिनेच सुरुवात केली.

"काकू, राग येईल तुम्हाला, पण मी ते लाकूड काढलं. गुडघे सोलत होते त्याचे. असं कुणी करतं का मुक्या जनावराला?"

"कुणी म्हंजे? आमी करतो."

"मी त्याला छान लाल पट्टा घातलाय. तो कसा धावला, बघायला हवं होतं तुम्ही!"

"धावला ना? तेच तर भ्या हाय." काकूंनी झोपाळ्याकडे बोट केलं. "आणि ह्यो तुमचा? आठवडाभर कुठं धावतो?"

"घरी असतो. फ्लॅटमध्ये. आम्ही ऑफिसला जातो तेव्हा..." प्राची थांबली.

"दार लावून. मंग त्याचं लाकूड दाराएवढं हाय म्हणायचं."

पण बोलता बोलता काकू सारख्या खाचरांकडे बघत होत्या, आणि ते प्राचीच्या ध्यानात आलं. पोतं, टेंपो, घाट हे सगळं ऐकल्यावर तिचा चेहरा उतरला. लोढणं तिने टाकून दिलं नव्हतं. मैत्रिणींना दाखवायला म्हणून गाडीत ठेवलं होतं. दोघी तशाच गाडीत बसल्या. खाचरं, ओढा, म्हसोबाचं ठाणं, कुठेच भुरा दिसला नाही. राहिली ठाकरवाडी. रस्ता संपला तिथे गाडी सोडून, लोढणं हातात घेऊन दोघी चढू लागल्या. काकू पुनःपुन्हा मागे वळून सूर्य किती उरला ते पाहत होत्या.

पहिल्याच झोपडीच्या अंगणात, चार हडकुळ्या कुत्र्यांच्या शेजारी, भुरा वेलीच्या दोराने खांबाला बांधलेला होता. चुलीवर मडकं शिजत होतं. गोदा, जी रोज मोळी घेऊन काकूंच्या दारावरून जाई, ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही.

"ये बाय. उशीर केलास."

"गोदा, हा हितं कसा?"

"मोळी टाकून येत व्हते. हा खाचरात. तोंडात कोंबडी, गळ्यात लाकूड नाय. सहदेवदादा तिकडून येताना दिसला. मंग आणला वढून."

"आणि कोंबडी?"

गोदाने मडक्याकडे पाहिलं. "मेलेलीच व्हती. दादाच्या दारात नेऊन ठेवायची व्हती का?"

प्राची अवघडून म्हणाली, "मी भरून देते ना त्यांना. जाऊन सांगते, चूक माझी आहे."

"सांगाल तर भुऱ्यानं कोंबडी नेली हे ठरलंच की," काकू म्हणाल्या. "मंग पोतं."

"तुमी लोक," गोदा पळीने ढवळत म्हणाली, "एक बांधता, एक सोडता. आमच्या कुत्र्यांना आमी नाय बांधीत."

"म्हणूनच गोचिडांनी भरलीत तुझी कुत्री," काकूंनी लगेच सुनावलं. पण गोदाने पुढे केलेलं पाणी त्यांनी घेतलं.

दोरी कापलेली होती, तेव्हा लोढणं आता लाल पट्ट्यालाच अडकवायचं होतं. पट्ट्याची कडी काकूंना उमगेना. शेवटी प्राची गुडघ्यांवर बसली आणि तिने स्वतःच्या हाताने ते लाकूड भुऱ्याच्या गळ्यात बांधलं. भुऱ्याने तिचं मनगट चाटलं.

खाली येताच काकूंनी आपल्या खुराड्यातली एक तांबडी कोंबडी पदराखाली धरली आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून सहदेवच्या परसात सोडून दिली. घरी येऊन त्या दिव्याची वात नीट करू लागल्या. ती नीट होईना. एवढ्यात अंगणात टुकटुक पावलं वाजली. तांबडी परतली होती. नवी कोंबडी चार दिवस बांबूच्या डालीखाली झाकल्याशिवाय दुसऱ्याच्या घरी राहत नाही, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. घाबरलेल्या काकू तेवढं विसरल्या होत्या. आणि कोंबडीच्या मागोमाग सहदेव चालत येत होता.

"छायावैनी, माजी एक आली नाय. आणि तुजी माज्याकडनं निघाली ती हितं आली."

सहदेव पडवीत वाकला. त्याने लोढणं हातात घेऊन पाहिलं, पट्टा पाहिला, पायरीवरची कापलेली दोरी पाहिली.

"लाल पट्टा कुणाचा?"

"बंगल्यावाल्या बाईंनी दिला."

"आज?"

"आज."

भुऱ्याने मान हलवली. लाकूड फरशीवर वाजलं.

"लोढण्यातलं कुत्रं कोंबडी नेत नाय," अखेर सहदेव म्हणाला. "मुंगसानं नेली असंल." मग त्याने तांबडीला उचलून काखेत मारलं. "ही डालीखाली ठेवतो. आणि वैनी, शनवारचं शेताला जात जाऊ नको."

तेव्हापासून शनिवारी बंगल्याचं फाटक वाजलं की काकू हातातलं काम टाकून घरी येतात. प्राची लांबून हात करते, आत येत नाही. काकू पायरीवर बसून शेंगा सोलतात आणि मागे न बघता कानोसा घेत राहतात. आवाज थांबला की त्यांचा हातही थांबतो. "भुऱ्या," त्या म्हणतात, "हल की रं जरा." पडवीत लाकूड वाजतं, आणि मग पुढची शेंग हातात येते.