जीव घाबरून राह्यला

बेबीकाकूंच्या दारात कोणीही गेलं, की त्या आधी हाताची पालथी बाजू त्याच्या मानेला लावून बघत आणि मगच 'या, बसा' म्हणत. पाहुणा असो, विजेचं मीटर बघायला आलेला असो, सुटका कोणाचीच नसे. मी आर्णी तालुक्यातल्या त्या गावच्या शाळेत बदलून आलो आणि खोली बघायला त्यांच्याकडे गेलो, तेव्हा कापूस वेचून खरखरीत झालेला तो हात माझ्याही मानेला लागला. "आंग तापलं तुमचं. उन्हात उपाशी फिरले ना?" म्हणत त्यांनी आधी भाकर वाढली आणि भाड्याचं नंतर काढलं. मी सकाळपासून उपाशीच होतो.

साठीच्या, धिप्पाड बाईचं नाव बेबी कसं, असं मी एकदा विचारलं. "मायले नाव ठेवाले सवडच भेटली नाई. तवरिक दुसरं पोट्टं झालं," त्या म्हणाल्या. काका मवाळ. दोघांच्या वाटणीचं बोलणं काकू एकट्याच उरकत, आणि भांडणही. तुरीच्या शेतात ढोरं घालणाऱ्याला त्यांनी पारावर बसवून असं काही सुनावलं होतं, की तो बिचारा पुढे आठवडाभर वाट बदलून जायचा.

आमच्या भागातली डॉक्टरची जागा किती तरी वर्षं रिकामी होती. कोणी यायला तयार नाही, असं उत्तर मिळायचं. मग एक दिवस डॉक्टरऐवजी टीव्ही आला. उपकेंद्राच्या भिंतीवर पडदा, त्यावर कॅमेरा. लांबच्या शहरातला डॉक्टर त्यातून तपासणार. नारळ फुटला, पेढे वाटले, एका साहेबांनी फीत कापली आणि आता गावात मोठ्या शहराची सेवा आली म्हणून भाषण केलं. काकू उभ्या राहिल्या. "साहेब, मतं मांगाले तुमी टीवीत नाई येत. दारात येता, पाया पडता. मंग डाक्टरच काहून टीवीत?" सगळे हसले. साहेबही हसले, 'काकू विनोदी आहेत' म्हणाले. काकू मात्र हसल्या नाहीत.

तरी गुडघा दुखायला लागला तेव्हा त्या तिथेच गेल्या. जाणार कुठे? कॅमेऱ्यात फक्त तोंड दिसतं हे कळल्यावर त्यांनी सरळ पाय टेबलावर ठेवला. पडद्यातला डॉक्टर म्हणाला, "मावशी, पाय खाली घ्या." काकू म्हणाल्या, "खाली घेतला त दुखते थो कोन पायल? तोंड त माहं चांगलंच हाय." गावात हा किस्सा पुष्कळ दिवस पुरला. मीही तो यवतमाळला घरी रंगवून सांगितला.

कापूस वेचणीचे दिवस होते. रविवारी सकाळी काकू वेचणी अर्धीच टाकून शेतातून परत आल्या आणि ओसरीवर बसल्या. चेहरा घामानं डबडबलेला. "मास्तर, जीव घाबरून राह्यला," म्हणाल्या. एरवी कधी न बसणारी बाई बसली, हेच मला पुरेसं होतं. काका आणि मी त्यांना उपकेंद्रात घेऊन गेलो.

त्या दिवशी सगळं कसं छान चालू होतं. लाइट होती, नेट होतं, चित्र स्वच्छ होतं. डॉक्टर तरुण, सभ्य, परप्रांतातला. मराठी शिकून घेतलेली. काकूंनी सांगितलं, "जीव घाबरून राह्यला."

"घाबरू नका, मावशी. कशाची भीती वाटते? घरात काही टेन्शन?"

"भेत नाई मी कोनाच्या बापाले. जीव घाबरते म्हनलं."

"तेच म्हणतोय मी. मन शांत ठेवा."

उपकेंद्राच्या नर्सबाई मध्ये पडल्या, "सर, त्यांना भीती नाही वाटत, त्यांना आतून—" "हो सिस्टर, झोपेची गोळी लिहिली आहे, ॲसिडिटीचीही. पुढचा पेशंट." मागे रांग होती. कॅमेऱ्यासमोर काकूंच्या जागी दुसऱ्याचं तोंड आलं.

आदल्या वर्षी माझ्या वडिलांचा जीव असाच घाबरला होता, शब्दही हेच. पण ते यवतमाळात होते. रिक्षानं खासगी दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर आमच्याच भागातला, ही बोली जाणणारा. त्यानं शब्द ऐकला, नाडी धरली, लगेच छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. वडील आज रोज फिरायला जातात. आमच्या गावासाठीही पट्टीचं मशीन आलं होतं म्हणे, मोठ्या आरोग्य केंद्रात. ते चालवणारा माणूस नेमायचा राहून गेला. याची मला आजही चीड येते. पैसेवाल्याला हात लावणारा डॉक्टर आणि गरिबाला पडदा, हे ज्यांनी ठरवलं ते स्वतः आजारी पडले की टीव्हीसमोर बसतात का?

गोळी घेऊन काकू पडून राहिल्या. दिवेलागणीला त्यांना श्वास पुरेना. कोणाची तरी गाडी मिळाली. मागच्या सीटवर काकांनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं, मी पायाशी. आर्णीच्या अलीकडे त्यांनी डोळे उघडले आणि मला म्हणाल्या, "त्या पोट्ट्याले सांगजा मास्तर, मी भेली नोती." त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. आर्णीत पोचलो तेव्हा डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. हृदयविकाराचा झटका सकाळपासूनच चालू असावा, असं ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी राख सावडून मी तसाच उपकेंद्रात गेलो. पडद्यावर दुसराच डॉक्टर होता. पहिला कुठे, हे त्याला माहीत नव्हतं. तरी मी रांग मोडून पडद्यासमोर उभा राहिलो आणि सांगितलं, की इकडे जीव घाबरतो म्हणणारा माणूस भ्यालेला नसतो, मरत असतो. हे तुमच्यातल्या प्रत्येकाला सांगा. माझा आवाज चढला होता. नर्सबाई भिंतीकडे तोंड करून रडत होत्या. डॉक्टरनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं," तो म्हणाला. "पेशंट कुठे आहे?"