मालनबाईंनी वकील केला

मालनबाई, आमच्या सूर्यभानची छत्री अजून तुमच्याच घरात आहे, हे मी विसरलेले नाही. तुमची गोष्ट तुम्ही सांगायला बसलात की निम्मी डोळे पुसण्यात जाते, म्हणून मीच लिहिते. नातवंडांकडून वाचून घ्या.

बाहत्तरचा दुष्काळ. अकोले तालुक्यातल्या डोंगराकडचं सगळं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतं. मालनबाईंनी आईमागं पोटच्या पोरासारखा वाढवलेला धाकटा भाऊ भीमाही त्यातच. एके दिवशी मुकादमाशी त्याची जुंपली. मुकादम खडीच्या ढिगावर पडला, हात मोडला, आणि भीमा संगमनेरच्या कोठडीत गेला.

गाव मायेचं. पारावर बसून ठरलं: भीमा त्या दिवशी राजूरला सासरी होता. भैरोबाचा भंडारा उचलून, शपथेवर सगळे तशी साक्ष देणार. एकही मागं हटला नाही. असला वेडेपणा मायेचीच माणसं करतात.

मालनबाई एस.टी.नं संगमनेरला आल्या. कोर्टाच्या फाटकाशीच एका काळ्या कोटानं गाठलं.

"मारामारीची केस ना? उद्या सोडवतो. साहेब आपल्या खिशात!"

"मंग खिसा फाटका नसंल तर बरं," म्हणून बाई पुढं निघाल्या. चहाच्या टपरीवर विचारपूस केली. तिथं माझ्या भावाचं, सूर्यभान वकिलाचं नाव कळलं. फौजदारीच चालवतो, बोलतो कमी, पण जागेवर जाऊन बघतो, असं चहावाला म्हणाला.

आमच्या ओटीवर बसून त्यांनी गावानं पढवलेलं घडाघडा म्हणून दाखवलं. सूर्यभाननं सगळं ऐकून घेतलं.

"भीमा राजूरला होता. मग मुकादमाला पाडलं कुणी?"

"द्येवाला ठावं."

मला राहवेना. मी स्वयंपाकघरातूनच म्हटलं, "बाई, देव काही साक्षीला यायचा नाही. पोट दुखत असताना वैद्याला गुडघा दाखवता काय?"

मालनबाई पेचात पडल्या. खरं सांगावं तर भाऊ गुन्ह्यात सापडतो. खोटं रेटावं तर हा माणूस हात लावत नाही. पदराचं टोक पिळत त्या शेवटी बोलल्या.

"ढकललं त्यानंच. पन पहार आदी मुकादमानं उगारली हुती. न्हाई ढकललं असतं तर डोकंच फुटलं असतं पोराचं."

सूर्यभान ताडकन उठला. "अहो, हेच तर त्याला सोडवील! जीव वाचवायला ढकललं, तर कायदा त्याच्या बाजूनं आहे. आणि तुम्ही त्याला राजूरला नेऊन बसवलात! पहार पाहिली कुणी?"

"समद्यांनी."

"मग समद्यांनी तेच सांगायचं."

सांगायला सोपं! मुकादमाविरुद्ध बोललं की हजेरीतून नाव गेलंच. सूर्यभान उन्हाची छत्री घेऊन जागा बघायला गेला, तर सगळे माना खाली घालून खडी फोडत राहिले. तेव्हा मालनबाई ढिगावर चढल्या.

"खोट्यासाठी भंडारा उचलनार हुता ना? आता खऱ्याला जीभ टाळ्याला चिकटली व्हय?"

पहिली उठली ती शेजारची रतनबाई. हातोडी खाली ठेवून म्हणाली, "म्या पाह्यलं. लिवा, सायेब." मग एकेक करत बाकीचे उठले.

भीमाला जामीन मिळाला, पुढं तो निर्दोष सुटला.

साक्षी लिहून घ्यायला सूर्यभान तुमच्या घरी बसला, त्या गडबडीत छत्री तुमच्या खुंटीलाच राहिली. तुम्ही निरोप धाडलात, "ताई, छत्री न्यायला या, वरईची भाकर खाऊन जावा." मी कळवलं, येते. तुम्ही उलट कळवलंत, न्हाईतर मीच आनते. ना तुम्ही आणलीत, ना मी आले. छत्री तिथं आहे तोवर बोलावणंही आहेच.