मावशीच्या हाताचा अंदाज

अपघातात ठोकलेल्या गाड्या पाहून नुकसानीचा अंदाज काढायचा, हे माझं काम. विमा कंपन्या मला सर्व्हेअर म्हणतात. भैंशाच्या रस्त्यावर कापसाचा ट्रक उलटला की मी वही घेऊन जातो. चेपलं किती, फुटलं किती, आधीच मोडलेलं काय होतं, आणि जुन्या वस्तूचा घसारा किती कापायचा, हे सगळं लिहितो. गाडीवाले शिव्या देतात. मला सवय आहे. वीस-बावीस वर्षं लोकांचं खोटं पकडलं, आणि स्वतः बोललो ते एवढं सहज, की बोलून झाल्यावरच कळलं.

आमच्या फाटकाची कडी ढिली झाली होती. बायकोनं तीनदा सांगितलं, मी तीनदा "रविवारी पाहतो" म्हणालो. त्या सकाळी भाजीवाल्या मावशी नेहमीसारख्या फाटकाबाहेर टोपली उतरवून बसल्या होत्या. जैनथकडच्या एका गावातून त्या पहिल्या ऑटोनं यायच्या. बायको वांगी निवडत होती, मावशी मेथीच्या जुड्या सारख्या करत होत्या. मांजर दिसलं म्हणून आमचं कुत्रं फाटकावर आदळलं, कडी निघाली, मांजर पळालं आणि कुत्र्यानं समोर आलेला मावशींचा डावा हात धरला. सोडवताना त्यांचं लुगडंही फाटलं.

साबण लावून नळाखाली हात धरला, मग स्कूटरवर बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. आमचं गाव तेलुगू मुलखातलं; तिथल्या सिस्टरनं रजिस्टर उघडून तेलुगूत विचारलं, "एवरि कुक्का?" कुणाचं कुत्रं?

रांगेत आमच्या मागे गल्लीतले एक गृहस्थ उभे होते. आमचं कुत्रं भुंकतं म्हणून ते आधीच दोनदा भांडून गेले होते. मी म्हणालो, "वीधि कुक्का." रस्त्यावरचं.

मावशींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. त्यांना तेलुगू चांगलं कळतं, निम्मं गिऱ्हाईक तेलुगूच आहे. पण बोलल्या नाहीत. जखमेत औषध भरलं, पहिलं इंजेक्शन झालं, बाकीच्या तीन तारखा कागदावर मिळाल्या.

पुढच्या दोन तारखांना मी त्यांना स्टँडवरून घेऊन दवाखान्यात नेलं. दरवेळी सिस्टर त्यांनाच रागवायची, रस्त्यावरच्या कुत्र्याजवळ जायचंच कशाला म्हणून. मावशी मान खाली घालून ऐकायच्या. मी छताचा पंखा पाहायचो.

शेवटच्या इंजेक्शनच्या दिवशी, दवाखान्यात जाण्याआधी, त्या आमच्या घरी आल्या. तोवर मी भरपाईचा अंदाज तयार केला होता. कुणी मागितला नव्हता. आतून टोचत होतं, आणि टोचलं की मला वहीच सुचते. बायकोनं चहा दिला. मी कागद वाचू लागलो. ऑटोभाडं, औषधं, बुडालेले दिवस.

"थांबा," मावशी म्हणाल्या. "रोजचे चारशे धरले का? बाजाराच्या दिवशी सातशे सुटते मले. चार बाजार बुडाले."

मी दुरुस्त केलं. पुढे वाचलं, "लुगडं, जुनं असल्यानं निम्मी किंमत."

"अन् हे खाली काय लिवलं?"

तिथे मी थांबलो. सवयीनं हात चालला होता. 'डाव्या हाताची करंगळी अपघातापूर्वीच वाकडी' असं लिहून मी त्यापुढे थोडी रक्कम कापली होती. वाचून दाखवलं तेव्हा माझे कान तापले.

मावशी आधी कागदाकडे, मग करंगळीकडे पाहत राहिल्या आणि एकदम हसल्या. "बाई, आइकलं का? तुमचे सायेब मले जुनी गाडी समजून राह्यले! बोनेट चेपलं, पन बंपर पहिलेच वाकडं होतं म्हनते!"

बायको हसली नाही. "त्यांना घरी-दारी एकच कळते," म्हणाली. "माझाही घसारा काढला असेल कुठं तरी."

मी ती ओळ खोडली. लुगड्याची पूर्ण किंमत लिहिली. खाली एक मोठी रक्कम मांडली, त्रासाची म्हणून.

"हे कायचे?"

"दुखलं ना, त्याचे."

"दुखनं थांबलं. हे काढा." त्यांनी बोट ठेवलं. "बाकी बराबर हाय. मेहनतीचे हायेत, घेतो मी. पन भाव वाढवून देनारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच पाह्यलं, अन् असं गिऱ्हाईक दिसलं की मले भेव वाटते."

मी विचारलं, "मग आणखी काय नुकसान झालं, ते सांगा. खरं सांगा."

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "नात हाय सात महिन्याची. महिना होत आला, सून मांडीवर देत नाई. कुत्रं रस्त्यावरचं, पिसाळलेलं निंगलं त? माहं ताट बी येगळं ठेवलं. तिची चूक नाई. लेकराची माय हाय."

"पण तुम्हाला तर माहीत होतं! आमचं कुत्रं, लस टोचलेलं, समोर धडधाकट. घरी काऊन नाही सांगितलं?"

"तुमी दवाखान्यात जे सांगतलं तेच मी घरी सांगतलं. माही सून बोलनारी हाय, गावभर झालं असतं. सात वर्सं तुमच्या फाटकाशी बसतो मी. तुमाले खोटं पाडू का?"

बायकोनं कपबशा उचलल्या आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "उठा आता."

दवाखान्यात रांग होती. आमची पाळी आली तेव्हा मी म्हणालो, बयान बदलायचं आहे, "मा कुक्का." कुत्रं आमचं आहे. टोचल्याचं कार्ड पुढे ठेवलं. सिस्टरनं पेन खाली ठेवून मला जे सुनावलं ते तेलुगूत होतं आणि रांगेतल्या प्रत्येकाला समजलं. कुत्रं आपलं होतं तर दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवून ही बाई केव्हाच निश्चिंत झाली असती, हा त्याचा सारांश. मग तिनं जुनं खोडून माझं नाव लिहिलं, सुई टोचली, आणि मावशींना म्हणाली, "आता काही भीती नाही, अम्मा." पहिल्यांदाच प्रेमानं बोलली.

तिथून मी मावशींबरोबर त्यांच्या गावी गेलो. ऑटोत आम्ही सात जण होतो, दोन्ही बाजूंना सोयाबीन. मावशी शेजारणीशी वांग्याच्या भावावर बोलत होत्या. मी सुनेला काय सांगायचं ते मनात जुळवत होतो आणि दर वळणावर विसरत होतो.

सून अंगणात धुणं वाळत घालत होती. मी उभ्या-उभ्याच सांगितलं. कुत्रं माझं, कडी माझ्या आळसानं निघाली, खोटं मी बोललो, कुत्रं ठणठणीत आहे, हे कार्ड.

तिनं कार्ड हातात घेतलं, उलटंपालटं केलं. "महिनाभर लेकरू आजीपाशी जाले रडून राह्यलं," ती म्हणाली. "तुमाले घरी लेकरं नाईत का?"

"आहेत," मी म्हणालो.

यावर तिला आणखी बोलायचं होतं, पण आतून पोरीचा आवाज आला. ती आत गेली, पोरीला घेऊन आली आणि ओट्यावर बसलेल्या सासूच्या मांडीवर ठेवली. मावशींनी दोन्ही हातांनी तिला धरलं. पट्टी सुटलेल्या हातावर अजून गुलाबी वण होते. पोरीनं आधी तोंड वाकडं केलं, आजीला नीट पाहिलं, मग तिच्या गळ्यातली पोत मुठीत धरून ओढू लागली. मावशी तिच्याशी जे बोबडं बोलू लागल्या त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही.

सुनेनं मला पाणी दिलं, बसा म्हटलं नाही. ते मला बरोबरच वाटलं. मी येतो म्हणालो, कुणी ऐकलं नाही. परतीचा ऑटो तासभर आला नाही. बाभळीखाली उभा होतो, ऊन होतं, पण त्या दिवशी उभं राहणं जड गेलं नाही.