घंटागाडीत गेलेला समुद्रदेव

माझ्या थोरल्या मुलीच्या साखरपुड्याच्या दिवशी पहाटे मी एक रोमन देव केरसुणीनं झाडला आणि कोल्हापूरच्या घंटागाडीत टाकून दिला. तेव्हा मी पन्नाशीची होते. अक्कल अजून यायची होती, पण आपण किती कामसू आहोत हे मुलीच्या सासरी दाखवायची हौस मात्र पुरेपूर आली होती. देव होता माझ्या होणाऱ्या विहीणबाईंचा. कोल्हापुरात कुस्तीवर आणि रश्श्यावर बोलणारी माणसं पावलोपावली भेटतील, पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन लोकांबद्दल भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांसारखं बोलणारी बाई अख्ख्या जिल्ह्यात ही एकच.

विहीणबाई मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. रोमला त्या कधी गेल्या नाहीत. लहानपणी वडिलांनी त्यांना वस्तुसंग्रहालयात नेलं आणि गावातल्याच ब्रह्मपुरीच्या टेकाडात खोदताना सापडलेली रोमन समुद्रदेवाची वीतभर मूर्ती दाखवली, तिथंच सगळं बिघडलं. "कोल्हापुरात समुद्र न्हाय, मग ह्यो देव हितं आला कसा?" हा प्रश्न त्यांनी जो धरला तो सोडलाच नाही. रोमन लोक न्हाणीघराची फरशी खालून तापवत, असं वाचल्यावर त्यांनी स्वतःच्या न्हाणीखाली पोकळी करून घेतली आणि बाहेरून चूल पेटवली. माझे होणारे जावई स्लीपर घालून आंघोळीला जात आणि तरीही आतून उड्यांचे आवाज येत. गवंड्यानं स्लॅबची तारीफ केली की त्या विचारायच्या, "किती वर्षं गळणार न्हाय?" तो बिचारा म्हणे, "तीस." "रोमन लोकांचा घुमट अजून उभा हाय!" म्हणून त्या त्याला घालवून द्यायच्या. त्या घुमटाला माथ्यावर मोठं भोक आहे म्हणे, उजेडासाठी. तसंच एक स्वयंपाकघराच्या छपराला पाडायचा त्यांचा बेत होता. मी घाबरत विचारलं, "आणि पाऊस?" "पडंल की. खाली उतार दिलाय, जाईल पाणी." मी शाहूवाडीची. आमच्याकडचा पाऊस डोळ्यांपुढं आला आणि माझी लेक एका हातात छत्री धरून दुसऱ्या हातानं भाकरी थापताना दिसायला लागली.

मुलगी बघायच्या दिवशी तर त्यांनी मुलीकडं पाहिलंच नाही, पोह्यांची बशी बाजूला सारून माझंच चित्र काढत बसल्या. कपाळावर तीन आठ्या आणि हनुवटीखाली आणखी एक हनुवटी. "आठ्या कशाच्या काढल्यात?" मी विचारलं. "काळजीच्या. मी दारातनं आत आल्यापास्नं करताय की. रोमन लोक मोठ्या मोठ्या सरदारांची टकलं आन् चामखिळीसुद्धा दगडात जशीच्या तशी कोरायचे. मी तुमाला कशी सोडू?" मुलगी पसंत आहे की नाही, हे त्या दिवशी कुणी बोललंच नाही. चार दिवसांनी फोनवर नुसती साखरपुड्याची तारीख आली. हे स्थळ तुटलं तर गावात तोंड कसं दाखवू, या काळजीनं त्यानंतर मला धड झोप नव्हती. पोरांनी एकमेकांना पसंत केलं होतं, सगळं अडलं होतं ते या बाईच्या एका शब्दावर.

साखरपुडा त्यांच्याच अंगणात होता. आम्ही आदल्या संध्याकाळी मुक्कामाला आलो. अंगणात गोणपाट अंथरलं होतं. "उद्या दावते," एवढंच त्या म्हणाल्या. मी पहाटे उठले, चष्मा न लावताच सडा घालायला गेले, गोणपाट उचललं आणि बघते तर वाळूवर फुटक्या फरश्या, फुटक्या कपबश्या आणि फुटक्या बांगड्यांचे तुकडे! साखरपुड्याच्या दिवशी दारात फुटक्या बांगड्या! मी देवाचं नाव घेत सगळं झाडलं, घमेल्यात भरलं आणि समोरून घंटागाडी जात होती तिच्यात ओतलं. वर सडा घातला, रांगोळी काढली आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिले.

विहीणबाई चहाचा कप घेऊन बाहेर आल्या. रांगोळीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "देव कुठाय?" रोमन लोक फरशीवर तुकड्यांची चित्रं करायचे, तसा तीन महिने तुकडा तुकडा जुळवून मांडलेला समुद्रदेव होता तो. पाहुण्यांना दाखवून मग चुन्यात पक्का बसवायचा होता. मी अनवाणीच धावले. दोन गल्ल्या ओलांडून गाडी गाठली. गाडीवाला म्हणाला, "मावशी, सोनं गेलं काय?" "देव गेला रे!" म्हणून मी रडायलाच लागले. त्यानं बिचाऱ्यानं भाजीच्या देठांतून, अंड्यांच्या टरफलांतून उकरून दोन घमेली भरून दिली.

विहीणबाई ओरडतील म्हणून मी अंग चोरून उभी. त्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "निळं वायलं काढा. पांढरं वायलं." पाहुणे आले, भटजी आले, आम्ही दोघी रंगारंगाचे तुकडे वेगळे निवडतच होतो. मुहूर्त टळायला आला तेव्हा त्या उठल्या, हात धुतले, माझ्या लेकीला कुंकू लावून साडी दिली आणि परत येऊन बसल्या. हा होकार समजायचा की राग, मला कळेना. लग्न मोडायला एक निरोप पुरतो. म्हणून लग्नापर्यंत दर आठवड्याला मी डबा घेऊन एसटीनं कोल्हापूर गाठायची आणि त्यांच्याशेजारी निवडत बसायची. एकदा कंबर इतकी भरून आली की माझा तोल गेला. "येड्या आहात तुम्ही! कुठल्या मेलेल्या लोकांच्या फरशीपायी जिवंत माणसाला कामाला लावलंय!" बोलले आणि जीभ चावली. झालं, मोडलं लग्न. त्या म्हणाल्या, "त्यो हिरवा हिकडं द्या."

लग्न झालं. छपराला उघडं भोक पडलं नाही, जावयांनी वर काच बसवून आईला कसंबसं पटवलं. नवा समुद्रदेव चुन्यात बसला, त्याच्या कपाळावर माझ्या तिन्ही आठ्या आहेत. नातवंडं त्याला आजीदेव म्हणतात, आणि मी मेली त्यावर लाजते. पण त्या पहाटेबद्दल विहीणबाई कधी एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि माझी धाकधूक काही गेली नाही. लेकीचा फोन उशिरा आला तरी वाटायचं, आज काढला असेल तो विषय.

आता त्यांना दिसत नाही. गेल्या महिन्यात गेले तर अंगणात खुर्ची टाकून, चप्पल काढून, तळपायानं देवाची दाढी चाचपत होत्या. मी शेजारी बसले. शेवटी धीर करून विचारलं, "विहीणबाई, खरं सांगा, त्या दिवशी माझा राग आला होता?"

त्यांचा पाय थांबला. म्हणाल्या, "आला हुता की! अजून हाय. पर मला येडी तर समदं गाव म्हणतंय, विहीणबाई. शेजारी बसून म्हणणाऱ्या तुम्ही एकट्याच."