मोडेमचा लाल दिवा

नेट बंद पडलं की तुम्ही आधी वायर तपासता, की आधी दोषी शोधता? मी दोषी शोधला. पंधरा वर्षांनी आई पुन्हा शिकवायची नोकरी मागत होती. अकरा वाजता तिची ऑनलाइन मुलाखत होती आणि पावणेअकराला मोडेमचा दिवा लाल झाला. मी केबलवाल्या सुरेशभाऊंना फोन लावला आणि ग्राहकाच्या हक्कांवर भाषणच ठोकलं.

"झालं का भाषण?" ते शांतपणे म्हणाले. "आता मोडेमच्या मागची जाड गोल वायर हलते का बघा."

हलत होती. कॅमेऱ्यात आईच्या मागची भिंत नीटनेटकी दिसावी म्हणून सकाळी मीच मोडेम आणि राऊटर ओढून बाजूला केले होते.

"फिरवून घट्ट करा, मोडेम बंद करून चालू करा. आणि दोन मिनिटं कुणाला शिव्या देऊ नका, साहेब."

ती दोन मिनिटं मी त्या दिव्याकडे बघत उकिडवा बसलो. दिवा हिरवा झाला. आई "नमस्कार" म्हणाली, पलीकडून "नमस्कार, मॅडम" आलं, आणि मी जिन्यात येऊन मोकळा श्वास घेतला. राग करणं मी सोडणार नाही. खऱ्या अन्यायापुढे तो लागेलच. म्हणून तर तो भल्या माणसावर उधळायचा नाही.

आज फोनवर तुम्ही कुणावर उगाच आवाज चढवला असेल, तर त्याला आजच पुन्हा फोन करा आणि सांगा, चूक माझी होती.