फिटरनानांच्या हातचे इंजिन

फिटरनानांना चालते इंजिन बघवत नसे. माझ्या गच्चीवरच्या खोलीत वीतभर लांबीचे तांबडे इंजिन रुळांवरून सुरळीत धावू लागले, की शेजारच्या या गृहस्थांचा चेहरा पंगतीत बसायचे राहून गेलेल्या पाहुण्यासारखा व्हायचा. "आवाज ऐका, भाऊ! आतून बठ्ठं कोरडं पडेल शे!" आत सगळे कोरडे पडले आहे, असे आपल्या अहिराणीत सांगून ते धावते इंजिन उचलायचे, उलटे करायचे आणि खिशातून तेलाची बाटली काढायचे. तेल शेंगदाण्याचे. त्यांच्या घरी वांग्याच्या भाजीत पडायचे तेच.

या खेळातल्या इंजिनाला वीज रुळांतून, चाकांवाटे मिळते. चाके स्वच्छ आणि कोरडी हवीत, एवढेच काय ते शास्त्र. आसाला तेल द्यायचेच तर सुईच्या टोकावर मावेल इतके. मी तसे देऊ लागलो की नाना हसायचे. "इंजिनाला तेल देताय का डोळ्यात औषध टाकताय?" मग ते स्वतः, शनिवारी मारुतीला घालावे तसे, सढळ हाताने तेल घालायचे.

एकदा चढावर चाके घसरताना त्यांनी पाहिली. दुसऱ्या दिवशी गिरणा नदीची वाळू चाळून आणली. खऱ्या रुळांवर चाक घसरले की वाळू सोडतात, हे खरेच आहे. पण तिथले इंजिन शंभर टनांचे असते, माझे खिशात मावते. नानांनी रांगोळीच्या ऐटीत चिमटीने वाळू सोडली. इंजिनाने ज्वारी दळल्यासारखा आवाज काढला आणि प्राण सोडला. नाना खूश! "पाहा, काय पकड धरली! जागचं हलत नाही!"

वास्तविक नाना फिटर नव्हतेच. रेल्वेच्या कारखान्यात त्यांनी तीस-बत्तीस वर्षे फिटरच्या हातात पाना दिला. पाना मागितला की पाना, हातोडी मागितली की हातोडी. एकट्याने इंजिन उघडायची संधी त्यांना एकदाही मिळाली नाही. ती हौस माझ्या इंजिनांवर फिटत होती, आणि जळगावात त्यांना फिटर म्हणणारा मी एकटाच होतो. थट्टेने म्हणायचो. ते मनावर घ्यायचे.

त्यांच्या अडाणीपणाला एक नियम होता, हे माझे नशीब. तेल घातले की ते इंजिन रुळांवर ठेवू देत नसत. "उद्यापर्यंत मुरू द्या." जणू कैरीचे लोणचे! ते जिना उतरले की मी इंजिन खोलायचो, चाके स्पिरिटने पुसायचो, पुसताना अडकलेले कापसाचे तंतू चिमट्याने काढायचो. दुसऱ्या दिवशी गाडी धावायची आणि नाना आपल्याच हातगुणावर खूश होऊन मिशीवर हात फिरवायचे. "हात लागला ना मना!" मी मनातल्या मनात त्यांची यथेच्छ टवाळी करायचो, आणि तोंडाने म्हणायचो, "तर काय, नाना!"

गेल्या वैशाखात मुलाने त्यांना कायमचे सुरतेला न्यायचे ठरवले. निघायच्या दिवशी बस तासाभरावर असताना नाना वर आले. तांबडे इंजिन उचलले, बाटली पार रिकामी केली आणि इंजिन स्वतःच रुळांवर ठेवले.

"मुरू द्यायचं ना, नाना?" मी घाबरून म्हणालो.

"आज येळ कुठे शे, भाऊ? मना हातनं इंजिन एकदाव चालताना पाहू द्या. मग जातो."

मी बटण फिरवले. इंजिन हलले नाही. पूर्ण फिरवले. चाकांखाली तेलाचे थारोळे तेवढे पसरले. नाना गुडघ्यांवर बसून, श्वास रोखून पाहत होते. आयुष्यात पहिल्यांदाच मला त्यांच्यावर करायला विनोद सुचेना.

"लाइट गेली वाटतं, नाना," मी म्हणालो.

नानांनी मान वर केली. डोक्यावर पंखा गरागरा फिरत होता. ते त्याच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मग गुडघ्यांवर हात टेकून उठले.

"हां, गयी ना लाइट," ते म्हणाले, आणि जाता जाता भिंतीवरचे पंख्याचे बटण त्यांनी बंद केले.